वरची कपात

गेल्या भाऊबीजेला बहीण आली, सोबत भाचा. तो सिन्नर तालुक्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. ओवाळून झालं, ताटातला चिवडा अर्धा संपला आणि त्याने खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. पडद्यावर शालार्थ या वेतनप्रणालीतलं पगारपत्रक होतं.

"मामा, एनपीएसमध्ये वर दोन हजार टाकू का? आमच्या शाळा-केंद्रातले दोघंतिघं टाकतायत."

मी छत्तीस वर्षं वित्त विभागात लोकांची पगारबिलं केली. हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचा हिशेब मलाही लागणार नाही. फक्त पूर्वी तो 'जीपीएफची वर्गणी वाढवू का?' असा यायचा आणि माझं उत्तर ठरलेलं असायचं: वाढव, उद्याच अर्ज दे. या खेपेला मी चष्मा लावला आणि आधी कपातीचा रकाना वाचला. मूळ वेतन ४८ हजार. महागाई भत्ता ५५ टक्के धरून दोन्ही मिळून ७४ हजार ४००. त्याच्या १० टक्के, म्हणजे ७ हजार ४४० रुपये एनपीएसला. सरकारचे १४ टक्के, म्हणजे १० हजार ४१६. व्यवसाय कर, गट विमा, एलआयसीचे दोन हप्ते. आणि सगळ्यात खाली, लाजल्यासारखी बसलेली ओळ: शिक्षक पतसंस्था, १४ हजार २००.

"हे कशाचं?"

"घराचं प्लास्टर आणि आईचं ऑपरेशन. साडेदहा टक्के आहे."

त्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या ओळीत होतं. उरलेलं निम्मं मला तिथल्या तिथे देता आलं नाही. ते वर्षभर डोक्यात घोळत राहिलं, आणि घोळता घोळता माझ्या स्वतःच्याच जुन्या सल्ल्याबद्दल शंका यायला लागली.

आमच्या वेळची गोष्ट आधी सांगतो. मी १९८३ साली नोकरीला लागलो. पेन्शन ठरलेली होती: अखेरच्या वेतनाच्या निम्मी, त्यावर महागाई, मी गेल्यावर बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन. त्यासाठी माझ्या पगारातून एक पैसाही कापला जात नव्हता. कापला जायचा तो जीपीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, आणि तो माझा मलाच व्याजासकट परत मिळायचा. १९८६-८७ पासून १९९९-२००० पर्यंत त्यावर सलग १२ टक्के व्याज होतं. १२ टक्क्यांनी पैसा सहा वर्षांत दुप्पट होतो, हे आम्हां वित्त विभागातल्या लोकांना पाढ्यासारखं पाठ होतं. मी किमान वर्गणीच्या चौपट टाकत असे. जो भेटेल त्यालाही तेच सांगत असे. कित्येकांची घरं, मुलींची लग्नं परत न भरायच्या उचलीच्या, त्या 'नापरताव्या'च्या अर्जावर झाली. निवृत्तीच्या दिवशी कुणी पेढे घेऊन आला की म्हणायचा, "साहेब, तुम्ही वाढवायला लावलंत म्हणून." मला हुशार वाटायचं.

हुशार मी नव्हतो, व्याजाचा दर होता. शिवाय १९९१ साली महागाई १३ टक्क्यांच्या पुढे गेली होती, म्हणजे त्या वर्षी आमचे बारा टक्केही प्रत्यक्षात मागेच पडत होते. पण पासबुकावर आकडा वाढताना दिसला की माणूस बाजारातल्या तुरीच्या डाळीचा भाव विसरतो. आणखी एक गोष्ट मी पेढे देणाऱ्यांना कधी सांगितली नाही. आमच्या घरी फ्रीज १९९६ साली आला. वर्गणी आधी, बाकी सगळं नंतर. "अहो, हे पैसे म्हातारपणी मोजायला ठेवलेत का?" असं ही विचारायची. २०१९ साली निवृत्त झालो, हातात रक्कम आली, आणि रायगड चढायचा राहिला होता तो चढू म्हटलं तर हिचे गुडघे गेलेले. रोपवेने गेलो. वर उभं राहून फोटो काढला. ती काही बोलली नाही.

मला पेन्शन आहेच. तिच्यावर महागाई भत्ता आहे. मग जीपीएफमध्ये चौपट टाकून मी नेमका कुठला खड्डा भरत होतो? खरं सांगायचं तर खड्डा नव्हताच. सवय होती, आणि दर चांगला होता.

भाच्याच्या बाबतीत खड्डा आहे. तो एका तारखेने पाडलेला आहे. केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून सैन्यदलं सोडून नव्याने लागणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद केली. महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ ही तारीख धरली. आधी परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना, लोकांच्या तोंडी डीसीपीएस, आणि पुढे एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना. एकाच शाळेत, एकाच फळ्यावर आळीपाळीने लिहिणारे दोन शिक्षक. एक ऑक्टोबर २००५ मध्ये हजर झालेला, दुसरा नोव्हेंबरात. पहिल्याचं म्हातारपण सरकारच्या अंदाजपत्रकावर, दुसऱ्याचं बाजारावर. पुढे जाहिरात आधीची आणि नेमणूक नंतरची अशा लोकांना जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला, केंद्रात २०२३ साली आणि आपल्याकडे २०२४ साली. तारखेची रेघ थोडी सरकली इतकंच. भाचा २००८ चा. तोही आधी तीन वर्षं शिक्षण सेवक, तुटपुंज्या मानधनावर. त्या तीन वर्षांत कपात नाही, म्हणजे सरकारचा वाटाही नाही. पैसा वाढायला सगळ्यात जास्त वेळ मिळाला असता ती पहिली तीन वर्षं त्याच्या खात्यात कोरी आहेत. त्यानंतरही डीसीपीएसच्या कपातीच्या चिठ्ठ्या वर्षानुवर्षे मिळाल्या नाहीत, ही शिक्षकांची जुनी तक्रार. मी त्याच यंत्रणेच्या टेबलावर बसलेला असल्यामुळे ती खोटी होती असं म्हणणार नाही.

म्हणून १४ मार्च २०२३ ला राज्यभरातले कर्मचारी 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत संपावर गेले, सात दिवस कचेऱ्या ओस पडल्या. सरकारने तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली. त्यातून २०२४ साली सुधारित योजना आली, अखेरच्या वेतनाच्या ५० टक्क्यांची हमी आणि वर महागाई वाढ. केंद्राने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये यूपीएस, म्हणजे एकत्रित निवृत्तिवेतन योजना, जाहीर केली, १ एप्रिल २०२५ पासून लागू: पंचवीस वर्षं सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मं, दहा वर्षं झाली तर किमान १० हजार. कर्मचाऱ्याचे १० टक्के तसेच, सरकारचे साडेअठरा. पर्याय द्यायची मुदत केंद्राला वाढवत वाढवत नोव्हेंबर २०२५ अखेरपर्यंत न्यावी लागली. इतकी घासाघीस करून मिळवलेली गोष्ट समोर आली आणि लोक सही करायला कचरत राहिले. यात मला नवल वाटत नाही. दोनदा नियम बदललेला पाहिलेला माणूस तिसऱ्या कागदावर सही करताना पेन उचलतो आणि परत टेबलावर ठेवतो.

आता मूळ प्रश्न. वर टाकावं का?

पेन्शन दोन जातींची असते, आणि बहुतेक गोंधळ या दोन जाती एकच समजल्याने होतो. एकीत सूत्र ठरलेलं असतं: पगार इतका, सेवा इतकी, म्हणून पेन्शन इतकी. दुसरीत फक्त वर्गणी ठरलेली असते. हंड्यात काय साठेल ते साठेल, आणि त्या हंड्यातून जे मिळेल ती तुमची पेन्शन. पहिल्या जातीत तुम्ही वरून कितीही ओतलंत तरी पेन्शन एका रुपयाने वाढत नाही, कारण सूत्रात त्या रुपयाला जागाच नाही. तुमचं ओतणं ही निव्वळ बचत. चांगलीच गोष्ट, पण तिला पेन्शन म्हणू नये. दुसऱ्या जातीत मात्र ओतलेला प्रत्येक रुपया हंड्यात पडतो. भाच्याच्या केंद्रातल्या दोघातिघांनी आधी आपण कुठल्या जातीत आहोत हे ठरवलेलं नव्हतं. सुधारित योजनेचा पर्याय देणारा आणि एनपीएसमध्येच राहणारा, दोघंही एकाच मोबाइलवरून, एकाच 'प्राण' खाते क्रमांकाच्या पद्धतीने दोन-दोन हजार टाकत होते.

तर धरून चालू की भाचा एनपीएसमध्येच आहे. तो एक्केचाळीस वर्षांचा, अठ्ठावन्नाला निवृत्त होणार, हातात सतरा वर्षं. महिना दोन हजार, परतावा ८ टक्के धरू. मी कागदावर हिशेब मांडला. सतरा वर्षांत तो ४ लाख ८ हजार भरेल आणि साधारण ८ लाख ६४ हजार होतील. बरं वाटलं. पण एनपीएसचा नियम असा की सरकारी कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या वेळी हंड्यातले किमान ४० टक्के विमा कंपनीकडून वार्षिकी घ्यायला वापरावे लागतात, उरलेले ६० टक्के हातात. ८ लाख ६४ हजारांचे ४० टक्के म्हणजे सुमारे ३ लाख ४६ हजार. वार्षिकीचा दर ६ टक्के धरला तर महिना १ हजार ७२८ रुपये. सतरा वर्षं चहा-नाश्ता तोडून महिना सतराशे रुपये. बाकी सव्वापाच लाखांच्या आत-बाहेर रोख.

मग मी महागाईचा आकडा घातला, साडेपाच टक्के. आजच्या किमतीत ते सतराशे रुपये सातशेच्या खाली येतात. आणि इथे खरी मेख आहे: नेहमीची वार्षिकी वाढत नाही. जुन्या पेन्शनवर वर्षातून दोनदा महागाई भत्ता चढतो, केंद्राच्या पेन्शनरला तर ऐंशीनंतर मूळ पेन्शनवर आणखी २० टक्के मिळतात. वार्षिकीत अठ्ठावन्नाव्या वर्षी जो आकडा, तोच पंचाहत्तराव्या वर्षी. त्या वेळेपर्यंत भाच्याच्या १ हजार ७२८ रुपयांची आजची किंमत २८० रुपये झालेली असेल. मी कॅल्क्युलेटर परत परत दाबला. दोनशे ऐंशीच.

जुनी आणि नवी पेन्शन यांतला फरक लोक रकमेत शोधतात. तो महागाई भत्त्यात आहे. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी नव्या पेन्शनवालाही फार वाईट दिसत नाही. हातात साठ टक्के रक्कम असते, मुलाचं लग्न होतं, गच्चीवर पत्रे पडतात. साठी ओलांडलेल्या माणसाला आपल्या देशात सरासरी आणखी अठराएक वर्षं असतात, आणि बाईला त्याहून जास्त. पिळवटणारी वर्षं ती शेवटची. म्हणून वरची कपात करायची असेल तर ती साठीसाठी करू नये, पंचाहत्तरीसाठी करावी. आणि पंचाहत्तरीसाठी ठेवलेला पैसा न वाढणाऱ्या वार्षिकीत कोंडणं म्हणजे पावसाळ्यासाठी ठेवलेलं सरपण उघड्यावर रचणं.

मग एनपीएसमध्ये लोक वर टाकत का होते? उत्तर सोपं आहे, करासाठी. २०१५ च्या अर्थसंकल्पाने एनपीएसच्या जादा ५० हजारांवर वेगळी वजावट दिली. वीस टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस ५० हजार टाकून उपकरासह १० हजार ४०० वाचवायचा. दर मार्चला कागद जमवत धावणारे आमचे लोक तेवढ्याकरता म्हातारपणाचा विचार करायचे. ती वजावट फक्त जुन्या करपद्धतीत आहे. नव्या पद्धतीत स्वतःच्या वर्गणीला काही नाही, सरकारच्या १४ टक्क्यांना आहे. आणि २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत पगारदाराला प्रमाणित वजावटीसह पावणेतेरा लाखांपर्यंत करच लागत नाही. भाच्याचा वर्षाचा पगार त्याच्या आतच बसतो. म्हणजे त्याच्यापुढे आता कसलंही आमिष नाही. पहिल्यांदाच हा प्रश्न कराच्या वासाशिवाय, नुसता म्हातारपणाचा म्हणून समोर उभा आहे, आणि मला हे फार बरं झालं असं वाटतं.

संघटनेतल्या मित्रांचा आक्षेप वेगळा आहे, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. ते म्हणतात, पेन्शन हा हक्क आहे. तुम्ही स्वतःच वरून भरायला लागलात की सरकार म्हणेल, बघा, यांचं भागतंय. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डी. एस. नकारा खटल्यात सांगितलं की पेन्शन ही मेहेरबानी नाही, ती केलेल्या सेवेची कमाई आहे. सरन्यायाधीश होते आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. (अर्जदाराचं आडनाव नकारा आणि न्यायालयाचा होकार, हा विनोद आमच्या कचेरीत दर १७ डिसेंबरला, पेन्शनर दिनाला, कुणीतरी करायचंच.)

आणि संघटनेच्या या भीतीला आपल्या इतिहासात चोख पुरावा आहे. दुसऱ्या बाजीरावाला १८१८ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या माल्कमने वर्षाला आठ लाखांची पेन्शन ठरवून दिली आणि बिठूरला पाठवलं. तो तिथं तेहतीस वर्षं जगला, कंपनीच्या अंदाजापेक्षा फारच जास्त. १८५१ साली तो गेला तेव्हा दत्तक पुत्र नानासाहेबांनी ती पेन्शन पुढे चालू ठेवण्याचा अर्ज केला. गव्हर्नर जनरल डलहौसीने तो फेटाळला, आणि फेटाळताना बाजीरावाने अठ्ठावीस लाखांची शिल्लक मागे ठेवली आहे, कुटुंबाला ती पुरेशी आहे, असा हिशेब दाखवला. म्हणजे पेशव्याची बचतच पेन्शन नाकारायचं कारण झाली. पुढे नानासाहेबांचा वकील अजीमुल्ला खान लंडनला जाऊन आला, उपयोग झाला नाही, आणि मग १८५७.

पण त्याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. अर्ज फेटाळला गेल्यावर बिठूरचा वाडा चालला तो त्या शिल्लकीवर. हक्क मागायचा असतो तोही पोट भरलेलं असताना मागता येतो. मार्च २०२३ च्या संपात सातव्या दिवशी कोण ढिले पडायला लागले होते हे मला माहीत आहे. ज्यांच्या पगारावर पतसंस्थेचा हप्ता सगळ्यात मोठा होता ते. निष्ठा कमी म्हणून नव्हे. मागणी आणि बचत एकमेकींच्या सवती नाहीत. बचत मात्र मालकाच्याच पेटीत ठेवू नये.

माझ्या मनातला खरा आक्षेप हा आहे. सरकारी माणसाचा पगार सरकारकडून. पेन्शन सरकारकडून, किंवा सरकारच्या नियमाने चालणाऱ्या निधीतून. उपदान सरकारकडून. आजारपणाची प्रतिपूर्ती सरकारकडून, दोन वर्षांनी का होईना. सातव्या आयोगाची थकबाकीसुद्धा राज्यात पाच हप्त्यांत आली आणि जीपीएफधारकांची जीपीएफमध्येच जमा झाली. असा माणूस उरलेला वरचा रुपयाही त्याच दारात नेऊन ठेवतो आणि त्याला सुरक्षितता म्हणतो. सरकार बुडत नाही हे मला मान्य. पण सरकार नियम बदलतं, हे माझ्या पिढीने आणि भाच्याच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं आहे. जीपीएफचा बारा टक्क्यांचा दर २००० पासून उतरत एप्रिल २०२० मध्ये ७.१ ला आला आणि तिथेच बसला. २०२१ पासून वर्षाला पाच लाखांपुढच्या जीपीएफ वर्गणीच्या व्याजावर कर आला, आणि पुढच्या वर्षी केंद्राने पाच लाखांपुढे वर्गणीच घ्यायची नाही असं ठरवलं. यातली एकही गोष्ट अन्यायाची आहे असं मी म्हणत नाही. इतकंच म्हणतो की किल्ली त्यांच्याकडे आहे.

सार्वजनिक सेवेत तिसरीही एक जात आहे आणि तिच्याबद्दल बोलताना जुनी पेन्शनवाले आणि नवी पेन्शनवाले दोघंही गप्प होतात. माझ्या शेजारी एसटीचे निवृत्त वाहक राहतात. नाशिक-पुणे रस्त्यावर आयुष्य गेलं. त्यांना ईपीएस-९५ ची पेन्शन आहे, तीन हजारांच्या आत-बाहेर. या योजनेचं सूत्र असं: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले सत्तर. पगाराची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून पंधरा हजार, त्याआधी साडेसहा. म्हणजे पंधरा हजारांवर पस्तीस वर्षं पुरी केली तरी साडेसात हजार, आणि त्यावर महागाई भत्ता शून्य. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खऱ्या पगारावर पेन्शन घेण्याचा पर्याय खुला केला, तेव्हा सार्वजनिक उपक्रमांतले किती तरी लोक माझ्याकडे कागद घेऊन आले: भविष्य निर्वाह निधीतले आठ-दहा लाख परत भरा आणि महिन्याची पेन्शन वाढवून घ्या. तेही वरचं अंशदानच, फक्त एकरकमी. तिथेही मी प्रत्येकाला एकच विचारलं, घरात जगण्याचं वय काय आहे? आईवडील कितीपर्यंत जगले? बायको किती वर्षांनी लहान आहे? कारण ती पेन्शन तुमच्यानंतर बायकोला निम्मी होते आणि भांडवल परत येत नाही. नव्वदीपर्यंत जगणाऱ्यांच्या घराण्यातला माणूस असेल तर भर. मधुमेह आणि दोन स्टेंट असतील तर पैसे जवळ ठेव. हे बोलायला अशुभ वाटतं. म्हणून लोक बोलत नाहीत आणि व्याजाचे दर विचारतात.

ईपीएफच्या छत्राखाली नोकरीत असलेल्या तरुणांना मात्र मी बेलाशक सांगतो, वाढवा. पगारातून स्वेच्छेने जादा भरायची सोय त्यांना आहे, २०२४-२५ चा दर ८.२५ टक्के होता, बँकेच्या ठेवीत एवढा सहसा मिळत नाही. वर्षाला अडीच लाखांपर्यंतच्या वर्गणीच्या व्याजावर करही नाही. ज्यांची पेन्शन दूधवाल्याच्या बिलात संपते त्यांनी 'वर टाकावं का' हा प्रश्न विचारण्याची चैन करू नये.

राहिले माझ्यासारखे जुन्या पेन्शनचे, जे अजून नोकरीत आहेत. २००५ पूर्वीचे, म्हणजे सगळे आता उताराला लागलेले. त्यांना मी माझा जुना सल्ला परत घेतल्याचं जाहीर करतो. शेवटच्या दहा वर्षांत जीपीएफ वाढवत नेऊ नका. तुमच्या म्हातारपणाची सोय झालेली आहे, महागाईसकट. गुडघे आहेत तोवर रायगड चढा.

भाच्याला काय सांगितलं? या वर्षी राखीपौर्णिमेला मीच त्यांच्याकडे गेलो तेव्हा माझ्या खिशात घडी घातलेला कागद होता. आधी पतसंस्था. साडेदहा टक्क्यांचं कर्ज फेडणं म्हणजे साडेदहा टक्क्यांचा पक्का, बिनजोखमीचा परतावा. आज देशातली कुठलीच सरकारी योजना तेवढा देत नाही. कर्ज डोक्यावर ठेवून एनपीएसमध्ये आठ टक्क्यांसाठी वरचे पैसे टाकणं म्हणजे एका हाताने रांजण भरायचा आणि दुसऱ्या हाताने बूड फोडायचं. ते संपलं की सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बँकेत. मगच वरची कपात. तीही पीपीएफमध्ये, ७.१ टक्क्यांनी, बायकोच्या नावाने, कारण ती त्याच्यामागे जगण्याची शक्यता जास्त. सतरा वर्षांत एनपीएसच्या माझ्या हिशेबापेक्षा लाखाच्या आत-बाहेर कमी होतील, पण सगळे हातात येतील, चाळीस टक्के कोंडले जाणार नाहीत. पीपीएफही सरकारचीच, हे त्याने लगेच दाखवलं. हुशार आहे. त्यावर मी म्हटलं, बरोबर. म्हणून दोन हजारांवरचा जो काही भाग पुढे निघेल तो शेअर बाजाराच्या निर्देशांकावर चालणाऱ्या साध्या फंडात टाक, जिथे तुझं एनपीएसचं खातं फारसं जात नाही. सरकारी कर्मचाऱ्याच्या ठरावीक एनपीएसमध्ये शेअरचा वाटा मर्यादितच असतो. आणि रक्कम कायम दोन हजार ठेवू नकोस. वर्षाला तीन टक्के वेतनवाढ लागते, तिच्यातला निम्मा वाटा दर वेळी वर चढव. हातात कधी आलाच नाही तो पैसा कमी झाल्यासारखा वाटत नाही. पगारातून परस्पर कापून जाण्यात जी एकमेव जादू आहे ती हीच, आणि ती जीपीएफच्या बारा टक्क्यांहूनही मोठी होती, हे मला आता कळतंय.

बहीण चहा घेऊन आली. तिने कागद उचलला, उलटा केला, परत सुलटा केला. "दादा, हे सगळं हा लागला तेव्हा का नाही सांगितलंस?"

याचं उत्तरही त्या कागदाच्या मागे मी मांडलेलं होतं, पण तिला दाखवलं नाही. चोविसाव्या वर्षापासून महिना दोन हजार, तोच आठ टक्के, चौतीस वर्षं: ४२ लाख. एक्केचाळिसाव्यापासून सतरा वर्षं: ८ लाख ६४ हजार. वेळ दुप्पट, रक्कम जवळपास पाचपट. २००८ साली शिक्षण सेवकाच्या मानधनातून दोन हजार काढणं त्याला शक्य नव्हतं, हे खरं आहे. पण दोनशे शक्य होते. आणि तेव्हा मी त्याला काय सांगितलं होतं तेही मला आठवतं. मी म्हटलं होतं, "कायम हो आधी, मग जीपीएफ वाढव." त्याला जीपीएफ असणारच नाही हे वित्त विभागात बसून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पतसंस्थेचे अकरा हप्ते राहिले आहेत. बारावा हप्ता भरायचा नसेल त्या महिन्यात पीपीएफचं खातं उघडायचं, असं ठरलं आहे. फॉर्म सिन्नरच्या पोस्टातून आणून ठेवला आहे.